साडेतेरा रुपये

गेल्या महिन्यात माझ्याच दारात पडलेल्या बिलावर
तळाला एक नवी ओळ होती, मुंगीच्या पावलांएवढी:
कागदी प्रत शुल्क, रुपये पंधरा.

सव्वीस वर्षं मी हीच बिलं वाटली.
खणभाग, गावभाग, मारुती रोड, तिकडं दत्तनगर,
सायकलच्या दांडीला पिशवी,
पिशवीत गल्लीवार सुतळीनं बांधलेली माणसं,
आणि एका बिलामागं हातात दीड रुपया,
तोही कंत्राटदाराच्या पोटात दुखलं नाही तर.

पंधरातून दीड गेला, साडेतेरा.
बायको म्हणाली, काय वं पुटपुटताय?
म्हटलं, साडेतेरा रुपये हरवलेत, बघ सापडतात का.
छपाईचा एक धर, शाईचे चार आणे धर.
तरी उरतातच की.

मेसेज आला होता: कागद वाचवा, झाडं वाचवा.
वाचवा. झाडाशी माझं भांडण नाही,
दुपारच्या फेरीत सावली त्यांनीच दिलीय.
पण ऑफिसच्या दारातला गुलमोहर
पार्किंगसाठी आडवा केला
त्या दिवशी कुणाच्याच फोनवर काही वाजलं नव्हतं.

चौगुल्यांच्या सुनंदाबाई बिलाच्या पाठीवर दुधाचं लिहायच्या,
अर्धा, अर्धा, खाडा, पाऊण.
आता त्यांचं बिल पोराच्या फोनवर पुण्यात उघडतं.
पोरगा कामात असतो.
बिल पुण्यात राहतं आणि दिवा सांगलीत जातो.

अत्तारांच्या दुकानात बिल शमशुद्दीनच्याच नावानं यायचं,
माणूस जाऊन अकरा वर्षं.
इरफान हसायचा, आली का अब्बांची चिठ्ठी,
आणि नावाला भोक पडणार नाही असं बघून
तारेला टोचायचा.

म्हणजे मी काही साधू नाही.
एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही.
पुराच्या साली एक गठ्ठा मी वाटलाच नव्हता.
पाऊस होता, गुडघा धरला होता,
खरं तर कंटाळा होता.
दत्तनगरची अख्खी गल्ली, एकोणतीस घरं,
विश्रामबागेत माझ्या माळ्यावर टाकली
आणि कंत्राटदाराला सांगितलं, झाली.
पैसे घेतले.

मग आयर्विन पुलाखाली फूट मोजत मोजत पाणी चढलं,
गल्लीत शिरलं, बसून राहिलं,
आणि उतरलं तेव्हा
पंचनाम्याला आलेला माणूस विचारत होता,
इथंच राहता, याचा पुरावा?
रेशनकार्डाचा लगदा. फोन चिखलात.
मी तो गठ्ठा घेऊन गेलो, मान खाली घालून,
शिव्या खायच्या तयारीनं.
कोरडी बिलं. नाव, घर नंबर, गल्ली, सगळं जागेवर.
मगदुमांची म्हातारी म्हणाली, देवासारखा आलास रं,
आणि मला ओवाळायला निघाली.
तबक वाहून गेलं होतं म्हणून वाचलो.

त्यामुळं कागदाची किंमत मला विचारू नका.
वाटून दीड रुपया घेतलाय,
न वाटताही घेतलाय.

काल काउंटरवर गेलो.
मुलगी चांगली होती. म्हणाली, काका, दरमहा पंधरा वाचतील,
इथं फक्त बोट लावा.
म्हटलं, बोट माझ्या आजानं लावलं, सावकाराकडं.
मी सही करतो.
दहाची नोट ठेवली, वर पाचाचं नाणं,
आणि म्हटलं, आता ह्या पंधराची पावती द्या.

ती म्हणाली, मेसेज येईल.

खिशात फोन थरथरलाच.
मागच्या माणसाला म्हटलं, जरा वाचता का,
चष्मा घरी राहिला.
तो म्हणाला, माझाही.